‘खट्’ आवाजानंतरचं पेट्रोल जातं कुठे? टाकी गळ्यापर्यंत भरण्याचा हट्ट गाडीला महागात का पडतो

बीड शहरातला कुठलाही पेट्रोल पंप घ्या, किंवा गेवराई, माजलगाव, केजच्या रस्त्यावरचा. दृश्य सारखंच असतं. नोझल ‘खट्’ करून बंद पडतं, मीटरवर ७६३ रुपये दिसतात आणि गाडीवाला म्हणतो, "आठशे करून टाका." पंपावरचा मुलगा नोझल जरा वर उचलतो, हळूहळू दाबतो, गाडी थोडी हलवतो. पेट्रोल झाकणाच्या कडेला टेकतं. सुट्ट्या पैशांचा प्रश्न मिटतो, दोघंही खूश.

पण त्या शेवटच्या सदतीस रुपयांचा हिशेब पुढे गाडी वेगळ्या पद्धतीने करते.

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. टाकी फुल्ल केली तर उन्हात स्फोट होतो, म्हणून अर्धीच भरा, असं त्यात इंडियन ऑइलच्या नावाने सांगितलेलं असतं. हा मेसेज खोटा आहे. कंपनीने एकापेक्षा जास्त वेळा तसा खुलासा केलाय: वाहन उत्पादकाने ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळा असो की हिवाळा, सुरक्षितच आहे. गोम ‘मर्यादेपर्यंत’ या शब्दात आहे. स्फोटाची भीती खोटी ठरली म्हणून अनेकांनी मर्यादाही खोटी ठरवून टाकली.

टाकीत वर थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारातला एक भाग. पंपाची साठवण टाकी जमिनीखाली, तुलनेने थंड. तिथलं १२ लिटर पेट्रोल गाडीत भरलं आणि गाडी मे महिन्यात बीडच्या उन्हात उभी राहिली, पेट्रोल १५ अंशांनी तापलं, तर ते जवळपास पावणेदोनशे मिलिलिटरने वाढतं. म्हणजे चहाचे दोन कप. झाकणापर्यंत भरलेल्या टाकीत हे दोन कप जाणार कुठे?

सीटखालचा काळा डबा

इथे येतो कॅनिस्टर. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल दुचाकींमध्ये टाकीच्या खाली, सीटखाली किंवा इंजिनच्या बाजूला एक छोटा काळा प्लास्टिकचा डबा असतो. कारमध्ये तर तो त्याआधीपासून आहे. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. गाडी उभी असताना टाकीतून निघणारी पेट्रोलची वाफ नळीवाटे या डब्यात येते आणि कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन सुरू झालं की एक व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ही वाफ ओढून घेतं आणि जाळतं. हवेत जाणारं पेट्रोल असं परत कामाला लागतं.

कोळसा वाफ धरण्यासाठी आहे, पातळ पेट्रोल धरण्यासाठी नाही. टाकी काठोकाठ भरली की वाफेच्या नळीत थेट पेट्रोल उतरतं आणि कोळसा भिजून चिंब होतो. मग पंपावरून निघताना गाडी पटकन सुरू होत नाही, झाली तर मिसिंग करते, उभी केली की पेट्रोलचा वास येतो, कधी खालच्या नळीतून थेंब गळतात. कारच्या डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागू शकतो. वारंवार असं झालं तर कोळशाचे दाणे फुटून बारीक भुकटी व्हॉल्व्हमध्ये अडकते. भिजलेला कॅनिस्टर सहसा दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

दुचाकीवाल्यांना धोका जास्त, कारण बहुतेकांची गाडी साइड स्टँडवर उभी असते. भरलेली टाकी एका बाजूला कलली की पेट्रोल वाफेच्या तोंडापर्यंत सहज पोहोचतं. टाकी फुल्ल करून लगेच मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट चढणाऱ्यांचंही तेच. (डिझेलवाल्यांनी निश्चिंत राहावं. डिझेलची वाफ फारच कमी, त्या गाड्यांत हा डबा नसतो. ट्रॅक्टरची टाकी सांडली तर नुकसान फक्त डिझेलचं.)

मग नोझल बंदच का पडतं?

नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल तिथवर चढलं की छिद्र बुजतं, आत हवेचा दाब बदलतो आणि खटका पडतो. ही यंत्रणा बिघडलेली नसते. ती आपलं काम करत असते. मात्र दुचाकीत नोझल पूर्ण आत जात नाही आणि हळू धार सोडली तर खटका पडतच नाही. तिथे भरणाऱ्याची नजर हाच कट-ऑफ. टाकीच्या गळ्याची आतली खालची कड दिसते, पेट्रोल तिथवर आलं की थांबायचं.

लोक हट्ट का करतात, हेही समजून घेतलं पाहिजे. कारण केवळ सुट्टे पैसे नाहीत, पंपावरचा अविश्वासही आहे. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे आणि मापात मारतात, ही भावना गावोगावी आहे. त्यात ‘१२ लिटरच्या टाकीत १३ लिटर कसं बसलं’ असे व्हिडिओ अधूनमधून व्हायरल होतात. पुस्तिकेत दिलेली क्षमता ही वरची मोकळी जागा सोडून असते. गळ्यापर्यंत भरलं तर जास्त बसतंच. म्हणजे ज्याला चोरीचा पुरावा समजलं जातं, तो अनेकदा टाकी जास्त भरल्याचा पुरावा असतो. मापाची शंका असेल तर पंपावर प्रमाणित पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे. ते मागा, समोर मोजून घ्या. तो ग्राहकाचा हक्क आहे. मायलेज मोजायचं असेल तरी काठोकाठ भरण्याची गरज नाही, दोन्ही वेळा पहिल्या खटक्याला थांबलं की पुरे.

दोष एकट्या ग्राहकावर ढकलणंही बरोबर नाही. पंपावर हवा, पाणी, शौचालय, तक्रार क्रमांक यांच्या पाट्या असतात. ‘पहिल्या खटक्यानंतर भरणार नाही’ अशी ठळक मराठी पाटी नोझलशेजारी लावायला तेल कंपन्यांना कितीसा खर्च येईल? आज ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी पंपावरच्या पोरावर आहे आणि तो गिऱ्हाइकाशी भांडू शकत नाही. शिवाय झाकणाशी वाकून ती वाफ दिवसभर नाकात घेणाराही तोच. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, बीएस-६ निकषांनुसार जास्तीत जास्त एक टक्का. बेंझिनमुळे कर्करोग होतो, हे सिद्ध आहे.

पीयूसी तपासणीत हे काही दिसत नाही. ती सायलेन्सरमधून निघणारा धूर मोजते, टाकीतून उडणारी वाफ नाही. त्यामुळे कॅनिस्टर निकामी झालेली गाडीही बऱ्याचदा पास होते. काही गॅरेजवाले त्याचाच फायदा घेऊन ‘तो डबा काढून टाका, कटकट जाईल’ असा सल्ला देतात. डबा काढला की वास आणि वाफ थेट हवेत, घरात गाडी लावत असाल तर थेट घरात. हा सल्ला ऐकू नका.

चुकून टाकी काठोकाठ भरलीच, तर गाडी उन्हात साइड स्टँडवर लावून जाऊ नका. आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवा, मग सावलीत मधल्या स्टँडवर लावा. दोन-तीन दिवसांनंतरही वास येत असेल तर मेकॅनिकला कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर उघडायला सांगण्याआधी कॅनिस्टर आणि त्याच्या नळ्या बघायला सांगा.