घरांतील शास्त्र : टांकींतली वाळू धुवावी काय?

नाशिकच्या एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र कुटुंबाचें, माणसें लहानथोर मिळून तेरा. थोरल्या दिरांच्या बारा वर्षांच्या मुलास वाढदिवसाला कांचेची टांकी आणि सात मासे मिळाले. मुलानें कोठेंसें वाचून टांकीच्या तळाशीं चार-पांच बोटें उंचीचा वाळूचा थर दिला आणि ही वाळूच पाणी शुद्ध ठेवील, तिला कोणी हात लावूं नये, असें सर्वांस बजावून ठेवलें. सासूबाईंना हें कसें पटावें? वाळूंत घाण सांचलेली त्यांना डोळ्यांनीं दिसत होती. दर रविवारीं मुलगा क्रिकेटला गेला कीं त्या मासे बादलींत काढीत, वाळू परातींत घेऊन नळाखालीं निवळ पाणी येईपर्यंत धूत आणि सर्व पूर्ववत् मांडून ठेवीत. दोन महिन्यांत दोनदां सगळे मासे मेले. आतां मुलगा आजीशीं बोलत नाहीं आणि आजी त्या खोलींत पाऊल टाकीत नाहीं. 'वाळू धुवावी कीं धुवूं नये, तेवढें एकदां छापून सांगावें,' अशी भगिनींची विनंती आहे.

धुवूं नये. परंतु एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. सासूबाईंना जी घाण दिसत होती ती खरोखरच तेथें होती. आणि वाळू आपोआप सर्व कांहीं करील ही मुलाची समजूत अर्धीच खरी आहे.

टांकींतला मासा पाण्यांतच खातो आणि पाण्यांतच विसर्जन करितो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर पडत असतो. न खाल्लेलें अन्न कुजून त्यांत भर घालितें. अमोनिया माशांस विषासमान आहे. नदींत तो वाहून जातो, तळ्यांत पसरून विरळ होतो. चाळीस-पन्नास लिटरांच्या टांकींत त्यानें जावें कोठें? येथें सूक्ष्म जंतु उपयोगी पडतात. कांहीं जंतु प्राणवायूच्या साह्यानें अमोनियाचें नायट्राइट करितात. तेंही विषच, माशाच्या रक्तांत शिरून तें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें. दुसरे जंतु या नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्रेट पुष्कळ सौम्य असतें आणि थोड्या प्रमाणांत माशांस तें सोसतें. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. ते वाळूच्या कणाकणावर, कांचेवर, दगडांवर चिकटून राहतात. म्हणजे मुठीएवढी वाळू ही हजारो कणांची, पर्यायानें फार मोठ्या पृष्ठभागाची, त्यांची वसाहतच होय.

आतां आमच्या वाचक भगिनींस परिचित असलेलें उदाहरण देतों. विरजणांतले जंतु एका रात्रींत पातेलेंभर दुधाचें दहीं करितात. अमोनिया खाणारे जंतु त्या मानानें फारच मंद; अनुकूल स्थितींतही एकाचे दोन होण्यास त्यांना दिवसाच्या आसपास काळ लागतो. म्हणून नव्या टांकींत त्यांची वसाहत नीट बसण्यास चार ते सहा आठवडे जातात. असें असतां दर रविवारीं क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्यानें वाळू खळखळून धुणें म्हणजे रोज विरजणाचें भांडें घासून ठेवावयाचें आणि सकाळीं दहीं कां लागलें नाहीं म्हणून गवळ्यास बोल लावावयाचा, त्यांतलाच प्रकार. नाशिकच्या टांकींतले मासे दोन्ही वेळां अमोनियानेंच मेले असावेत असा आमचा कयास आहे.

येथवर झालें तें उथळ वाळूनेंही होतें. मग मुलानें वाचलेला खोल थर कशासाठीं? त्याचा रोख नायट्रेटवर आहे. वाळू बारीक असेल तर वरचे कांहीं मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर, इतक्याच भागांत प्राणवायु पोंचतो. त्याच्या खालीं वेगळेंच जग सुरू होतें. तेथील जंतु प्राणवायूच्या अभावीं नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून आपला निर्वाह करितात आणि उरलेला नत्रवायु बुडबुड्यांच्या किंवा विरघळलेल्या रूपानें वर जाऊन हवेंत मिसळतो. आपण श्वासावाटे घेतों त्या हवेचा ७८ टक्के भाग हाच वायु होय. त्यानें कोणासही अपाय नाहीं. अशा रीतीनें माशाच्या विष्ठेंतलें नत्र कोणतेंही यंत्र न लावतां टांकीबाहेर पडतें. बाजारांतल्या पंपाच्या गाळणीनें हें होत नाहीं, कारण ती सदैव प्राणवायुयुक्त पाणी खेळवीत असते. तिचें काम नायट्रेटपाशीं संपतें.

वाळूनें पाणी शुद्ध होतें ही कल्पना नवी नाहीं. १८२९ सालीं जेम्स सिम्प्सन यानें लंडनच्या चेल्सी भागांतल्या पाणीपुरवठ्यासाठीं वाळूच्या गाळण्या बांधिल्या. पुढें १८९२ सालीं हॅम्बुर्गमध्यें पटकीनें आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. परंतु त्याच एल्ब नदीचें पाणी वाळूंतून गाळून पिणारें शेजारचें आल्टोना शहर पुष्कळसें बचावलें. तेथेंही खरें काम वाळूच्या पृष्ठावरील जिवंत साईचें होतें, केवळ गाळण्याचें नव्हे. मात्र त्या गाळणींत पाणी वरून खालीं वाहतें. टांकींतल्या खोल थरांत तें वाहत नाहीं. तें हळूहळू झिरपतें आणि मिसळतें. या मंदपणावरच सर्व कांहीं अवलंबून आहे.

टांकींत जीवांचाच समतोल साधण्याचा प्रयत्नही जुना आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं सोनमासे, वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलतां त्यांना जगविल्याचें प्रसिद्ध केलें. समुद्राच्या पाण्याचें कोडें सुटण्यास मात्र पुढें शंभर वर्षें लागलीं. जकार्ताच्या ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं प्रवाळाच्या जिवंत खडकांवर आणि साध्या हवेच्या बुडबुड्यांवर चालणाऱ्या टांक्यांचें वर्णन छापलें. त्यानंतर ज्यां जोबेर या फ्रेंच संशोधकानें वाळूच्या खालीं पाण्याची मोकळी पोकळी ठेवण्याची युक्ति काढिली, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेंतले प्राणिशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनीं पोकळीवांचून नुसत्या बारीक वाळूच्या खोल थराचा पुरस्कार केला. मुलानें जें वाचलें त्याचें मूळ येथें आहे. तें खाऱ्या पाण्याच्या टांकीसाठीं होतें, ही गोष्ट त्याच्या ध्यानीं आली नसावी. प्रवाळ नायट्रेट सोसूं शकत नाहीं म्हणून तेथें १०-१५ सेंटिमीटरांचा खटाटोप करावा लागतो. आपल्या घरीं असणारे गप्पी, मॉली, सोनमासे इतके नाजूक नसतात.

आम्ही हें उंटावरून शेळ्या हाकीत सांगत नाहीं. सहा वर्षांपूर्वीं आम्हीं सदाशिव पेठेंतून कोथरुडास बिऱ्हाड हलविलें, तेव्हां आमची तीन वर्षांची टांकी वाळूसकट टेंपोंत घातली. मासे निराळ्या डब्यांत होते. वाळू वाटेंत हिंदकळली, वरची खालीं आणि खालची वर झाली. रात्रीं दहाला टांकी जाग्यावर मांडून, ताजें पाणी भरून आम्हीं मासे सोडिले. त्या वेळीं पाण्याला एक वास येत होता. तो नासक्या अंड्यांचा म्हणतात; आमच्या स्वयंपाकघरांतून तो कोणास ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण कॉलेजांत ज्यांनीं किपच्या उपकरणाशीं झटापट केली आहे ते तो जन्मभर विसरत नाहींत. आम्हांसही तो तत्काळ ओळखूं आला. तरी थकव्यामुळें, 'सकाळीं पाहूं,' असें म्हणून निजलों. सकाळीं चारही सोनमासे पोट वर करून तरंगत होते. आमच्या धाकट्या पुतणीनें, 'काका, तुम्हांला तर सगळें येतं ना?' एवढेंच विचारिलें. त्याला आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

घडलें तें असें. थराच्या अगदीं तळाशीं, जेथें नायट्रेटही संपतें, तेथें आणखी एक जातीचे जंतु पाण्यांतल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा अत्यंत विषारी वायु तयार करितात. वाळूंत लोह असेल तर त्याच्याशीं संयोग होऊन काळे डाग दिसतात. हा वायु जागच्या जागीं राहिला तर अपाय नाहीं. वर येतां येतां प्राणवायूच्या थरांत तो निर्विष होतो. पण वाळू एकदम उलथली कीं तो थेट पाण्यांत येतो. समुद्राच्या पाण्याच्या लिटरांत सुमारें २.७ ग्रॅम सल्फेट असतें, म्हणून हा धोका तेथें मोठा. गोड्या पाण्यांत तो कमी, पण नाहींसा नव्हे, हें आम्हीं चार मासे गमावून शिकलों. ज्यास टांकी हलवावयाची असेल त्यानें खालची जुनी वाळू सरळ टाकून द्यावी, वरचीच दोन बोटें ओली ठेवून न्यावी आणि नव्या वाळूवर ती विरजणासारखी पसरावी.

नाशिकच्या घरासाठीं आमचा सल्ला खोल थराचा नाहीं. हिशेब सोपा आहे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी दोन फुटी टांकी घ्या. तींत १२ सेंटिमीटर वाळू भरिली तर उंचीचा दोन पंचमांश भाग वाळूनेंच अडला. ती कोरडी वाळू ३२-३३ किलो भरते. पाणी आणि कांच धरून सर्व वजन ७५-८० किलोंच्या घरांत जातें. पुस्तकांच्या फळीवर ही टांकी ठेवणें म्हणजे संकटास आमंत्रण. माशांस पोहावयास मात्र बीतभर पाणी उरतें! गोड्या पाण्यांत पांच-सहा सेंटिमीटर वाळू आणि तींत मुळें धरणारी वॅलिस्नेरियासारखी वनस्पति पुष्कळ झाली. वनस्पति नायट्रेट स्वतः शोषून घेतात आणि त्यांच्या मुळांवाटे थोडा प्राणवायुही खालीं जातो. जोडीला मलेशियन ट्रम्पेट या नांवानें विकल्या जाणाऱ्या पांच-सहा लांबट शंखगोगलगाई सोडाव्या. त्या आपल्याकडील तळ्यांतूनही आढळतात. दिवसा त्या वाळूंत हिंडून ती हलक्या हातानें मोकळी ठेवितात. हें काम माणसानें काडीनें करूं नये; गोगलगाईला जें साधतें तें आपल्याला साधत नाहीं.

वाळू चौपाटीवरून आणूं नये, आणि हल्लीं बांधकामास वापरतात ती दगड फोडून केलेली वाळूही नको. तिचे कोपरे धारदार आणि धूळ फार. गोल कणांची बारीक वाळू घ्यावी. तींत शिंपल्यांचा चुरा आहे काय, हें पाहण्यास चमचाभर वाळूवर लिंबू पिळावें. फसफसली तर ती पाणी जड करील. खाऱ्या पाण्यांत तीच वाळू हवीशी असते, हें जातां जातां सांगून ठेवतों. नवी वाळू प्रथम भरपूर धुवावी. सासूबाईंच्या हाताला त्या दिवशीं पूर्ण मोकळीक आहे.

आतां त्यांच्या बाजूनें. वाळू कितीही चांगली असली तरी तिची पचनशक्ति मर्यादित आहे. तेरा माणसांच्या घरांत जो येतो तो कौतुकानें चिमूटभर खाद्य टाकतो; दिवसाकाठीं त्याची मूठ होते. सासूबाईंना वाळूंत दिसलेली घाण बहुधा हीच. खाद्य एकानेंच घालावें, दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. फॉस्फेट वायुरूप होऊन हवेंत जात नाहीं, तें टांकींतच सांचत राहतें; खोल थरही कांहीं वर्षांनीं तुंबतो. म्हणून आठवड्यास पावपट पाणी बदललेंच पाहिजे. नळाचें पाणी क्लोरिन मारण्याच्या औषधावांचून थेट ओतूं नये. दुकानांत तें सोडियम थायोसल्फेटच्या थेंबांच्या रूपांत मिळतें. आणि दोन फुटी टांकींत सात मासे ठेवावयाचे असतील तर ते लहान जातीचे असावेत. सात सोनमाशांची विष्ठा कोणतीच वाळू पचवूं शकणार नाहीं. पत्रांत मासे कोणते होते तें लिहिलेलें नाहीं.

तेव्हां भगिनींनीं असें करावें. टांकी पुन्हां मांडून सहा आठवडे दोन-तीनच मासे ठेवावे. शेजारीं कोणाची निरोगी जुनी टांकी असेल तर वाटीभर वाळू मागून आणावी. रविवार सासूबाईंचाच राहूं द्यावा. बारीक रबरी नळीनें वरचा गाळ आणि पावपट पाणी त्यांनीं ओढून घ्यावें, वाळूंत नळी खुपसूं नये. नवें पाणी मुलानें भरावें. काढलेलें पाणी मोरींत ओतूं नये. त्यांत नायट्रेट असतें, आणि तुळस व जास्वंद यांना तें चांगलें मानवतें. खाऱ्या पाण्याच्या टांकीचें पाणी मात्र चुकूनही झाडांस घालूं नये.