विश्लेषण : युरिक ॲसिड ‘नॉर्मल’, तरी गुडघा का सुजतो?

सत्तरीतील व्यक्तीचा गुडघा एका रात्रीत सुजतो, गरम होतो, हात लावू देत नाही. घरचे ‘वात’ म्हणतात. रक्तातील युरिक ॲसिड तपासले जाते, ते नॉर्मल येते. तरीही डाळ आणि टोमॅटो बंद होतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष वेगळ्याच स्फटिकांचा असतो : कॅल्शियम पायरोफॉस्फेटचा.

हे स्फटिक येतात कुठून?

कूर्चेतील पेशी पायरोफॉस्फेट बाहेर सोडतात. त्याचे प्रमाण वाढले की कॅल्शियमशी संयोग होऊन कूर्चेतच स्फटिक बनतात. मुख्य कारण वय. साठीच्या आत हा त्रास विरळा. झालाच, तर पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार, शरीरात साठलेले लोह किंवा मॅग्नेशियमची कमतरता तपासावी लागते. ताटातील कॅल्शियमचा यात दोष नाही. त्यामुळे दूध किंवा हाडांसाठी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करणे चुकीचेच.

मग दुखणे अचानक का उसळते?

स्फटिक कूर्चेत वर्षानुवर्षे निमूट पडून राहतात. एक्स-रेमध्ये पांढरी रेघ दिसते, एवढेच. ते सांध्यातील द्रवात सुटले की पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन बाहेर पडते. गाउटमध्येही असेच घडते. म्हणूनच १९६२ मध्ये डॅनियल मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी या आजाराला ‘स्यूडोगाउट’ म्हटले. झिजलेल्या सांध्यांत हायड्रॉक्सीॲपेटाइट या दुसऱ्या कॅल्शियम क्षाराचे कणही सापडतात. ते पेशींना कूर्चा पोखरणारी विकरे तयार करायला लावतात. झिजेमुळे स्फटिक की स्फटिकांमुळे झीज, यावर एकमत नाही. बहुधा दोन्ही.

निदान कसे होते?

सांध्यातील द्रव सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. गाउटचे स्फटिक सुईसारखे, हे बरेचसे शंकरपाळ्याच्या आकाराचे. रक्ताच्या अहवालावर विसंबून ही तपासणी टाळणे धोक्याचे, कारण जंतुसंसर्ग झालेला सांधाही असाच सुजतो आणि उपचाराला उशीर झाला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो. दोन्ही एकाच वेळी असणेही शक्य असते.

उपचार काय?

युरिक ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या इथे निरुपयोगी. हे स्फटिक विरघळवणारे औषध अद्याप नाही. द्रव काढणे, सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, कोल्चिसिन किंवा दाहशामक गोळ्या यांनी उसळी शमवली जाते. मात्र ज्येष्ठांची मूत्रपिंडे कमजोर असतील, तर कोल्चिसिनची मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी. वेदनाशामके तर औषधाच्या दुकानातून थेट आणून घेऊच नयेत.