गाळातले मोल

तेल आणि पाणी स्वभावतः एकत्र नांदत नाहीत. त्यांना एकजीव करून तसेच टिकवून धरणाऱ्या द्रव्याला पायसीकारक म्हणतात. चॉकलेट, बिस्किटे, मार्गारिन, पाण्यात चटकन मिसळणारी दूधभुकटी अशा असंख्य पदार्थांत हे काम ‘लेसिथिन’ करते. वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेला ‘३२२’ हा क्रमांक त्याचाच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गॉब्ली यांनी १८४६ मध्ये ते अंड्याच्या बलकातून वेगळे केले आणि पुढे बलकाच्या ग्रीक नावावरूनच त्याचे नामकरण झाले. आज मात्र बाजारातील बहुतांश लेसिथिन वनस्पतिजन्य असून त्याचा मुख्य स्रोत सोयाबीन हा आहे. त्यामुळे चॉकलेटच्या कारखान्यातला वाटणारा हा विषय थेट लातूर, वाशीम आणि अकोल्याच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचतो.

लेसिथिनसाठी वेगळे पीक घ्यावे लागत नाही. सोयाबीनच्या कच्च्या तेलात थोडे गरम पाणी मिसळले की त्यातील चिकट द्रव्य फुगून तेलापासून सुटते. हा डिंकासारखा गाळ वेगळा काढून वाळवला की लेसिथिन तयार होते. एक टन सोयाबीनमधून १८० किलोच्या आसपास तेल निघते आणि त्या तेलातून लेसिथिन जेमतेम तीन ते पाच किलो. एवढ्याशा द्रव्याने सोयाबीन उत्पादकाचे दैन्य फिटेल, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अनेक गिरण्यांत हा गाळ पुन्हा पेंडीत मिसळून पेंडीच्याच भावाने विकला जातो, हेही विसरून चालणार नाही. हाती आलेले मूल्य मातीमोल करण्याचाच हा प्रकार होय.

भारतीय लेसिथिनला जगात जे विशेष स्थान आहे, त्याचे कारण वेगळेच आहे. अमेरिका, ब्राझील आणि अर्जेंटिना या बड्या उत्पादक देशांतील सोयाबीन जवळजवळ संपूर्णपणे जनुकीय बदल केलेले आहे. भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही. युरोपीय संघाने २००४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, जनुकीय बदल केलेल्या पिकापासून बनलेल्या घटकाची नोंद वेष्टनावर करावीच लागते. मग अंतिम पदार्थात त्या बदलाचा अंश सापडो वा न सापडो. ही नोंद टाळू पाहणारे तेथील उत्पादक बदलविरहित लेसिथिनसाठी अधिक दाम मोजतात. आपला शेतकरी हेक्टरी उत्पादनात ब्राझीलच्या एक तृतीयांशावर अडकला आहे, हे खरे. पण शुद्धतेच्या कसोटीवर तो पुढे आहे.

येथे आयातीचाही हिशेब मांडला पाहिजे. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यातील सोयाबीन तेल प्रामुख्याने ‘डीगम्ड’, म्हणजे डिंक काढून घेतलेले असते. पेंड तिकडे, लेसिथिन तिकडे, त्यावर चालणारे कारखाने आणि रोजगारही तिकडेच. आपल्या वाट्याला केवळ तेल आणि त्याचे देयक! देशात गाळले जाणारे प्रत्येक पोते म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

हे वैशिष्ट्य टिकविण्याबाबत मात्र धोरणात एकवाक्यता दिसत नाही. २०२१ मध्ये पेंडीचे भाव भडकले, तेव्हा जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला केंद्राने मुभा दिली. कुक्कुटपालकांची अडचण खरी होती, हे नाकारता येत नाही. परंतु तात्पुरत्या निकडीसाठी उघडलेले दार पुढे सताड उघडे राहते, हा अनुभव आहे. २०२५ मध्ये अमेरिकेशी झालेल्या व्यापारचर्चेतही जनुकीय बदल केलेल्या पिकांचा प्रश्न पुढे आलाच. बाहेरचे दाणे देशातील साठ्यात एकदा मिसळले, तर वर्षानुवर्षांची शुद्धता एका हंगामात लोप पावेल आणि ती परत मिळविण्याचा मार्ग उरणार नाही.

प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसलेले नाहीत. सूर्यफुलाचे लेसिथिन जनुकीय वादापासून मुक्त आहे आणि युरोपच्या ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत सोयाबीन असले, तरी सूर्यफूल नाही. आपली आघाडी कायमची नाही, हे ओळखलेले बरे.

सर्वांत बोचरा प्रश्न शेतकऱ्याच्या वाट्याचा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. प्रत्यक्षात आवक वाढताच बाजारभाव त्याखाली घसरले. ज्या शुद्धतेसाठी परदेशी ग्राहक अधिक पैसे मोजतो, ती शुद्धता ज्याच्या शेतात जन्मते, त्याला तिचा छदामही मिळत नाही. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,१०३ कोटी रुपयांच्या तेलबिया अभियानाने केवळ उत्पादनवाढीवर थांबू नये. गावपातळीवर स्वतंत्र साठवण, पेरणीपासून गिरणीपर्यंतच्या नोंदी, परवडणारी चाचणी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना गाळपात भागीदारी, ही त्याची पुढची पायरी असली पाहिजे.

गाळातून मोल काढण्याची विद्या आपल्या गिरण्यांना अवगत आहे. त्या मोलातील न्याय्य वाटा बांधापर्यंत पोहोचविण्याची विद्या अद्याप शिकायची आहे. ती शिकली नाही, तर शुद्ध बियाणे जपण्याचे कारणच शेतकऱ्याजवळ उरणार नाही.