परित्राण पाठ पहिला की पाचवा?

गेल्या वर्षी कळंब तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही परित्राण पाठ ठेवला होता. वस्तीतला तिशीतला एक तरुण सोलापूरला रुग्णालयात होता, रक्ताचा कर्करोग. विहारात दीडशे माणसं जमली. पांढरे कपडे, मेणबत्त्या, पाण्याचा कलश आणि बुद्धमूर्तीपासून सगळ्यांच्या हातातून फिरवलेला पांढरा धागा. दोन तास सुत्तपठण झालं. त्याच्या आरोग्यासाठी मंगलकामना केली, फोटो काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. पुढाकार आमचाच होता, म्हणून दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही.

त्याच संध्याकाळी त्याची बायको सोलापुरात ओ निगेटिव्ह रक्तासाठी एकटी फिरत होती. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. रक्त दुसऱ्या दिवशी मिळालं, एका अनोळखी माणसाचं. तीन आठवड्यांनी तो गेला. रक्त आदल्या दिवशी मिळालं असतं तर तो वाचला असता, असं आम्ही म्हणत नाही. पण नंतर वस्तीत रक्तगट तपासले, तेव्हा दोघे जण ओ निगेटिव्ह निघाले. दोघेही त्या संध्याकाळी धागा धरून बसले होते.

आजारी माणसासाठी दुसऱ्याने साकडं घालणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. कुणी तुळजापूरला नवस बोलतं, कुणी येरमाळ्याच्या येडाईला, कुणी धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यावर चादर चढवतं. आम्ही कार्यकर्ते त्याला अंधश्रद्धा म्हणतो आणि मोकळे होतो. मग ती नवस बोलणारी आई आणि परित्राण लावणारे आपण, यांत फरक कोणता? देवी गेली आणि तिच्या जागी धागा आला, एवढाच असेल तर १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांचं आपण काय केलं?

बुद्धाला हा प्रश्न सरळ विचारला गेला होता. संयुत्त निकायात असिबंधकपुत्त नावाचा गावप्रमुख नालंदेत त्याच्याकडे येतो. काही ब्राह्मण मेलेल्या माणसाला मंत्राने स्वर्गात पोचवतात म्हणे, तुम्हालाही सगळ्या जगाला तसं पोचवता येईल का, असं विचारतो. बुद्ध त्यालाच उलट विचारतो: खोल डोहात कुणी मोठा धोंडा टाकला आणि काठावर गर्दीने हात जोडून, प्रदक्षिणा घालून ‘धोंड्या, वर ये’ अशी विनवणी केली, तर तो वर येईल का? गावप्रमुख म्हणतो, नाही. प्रश्न मेलेल्याचा होता, पण उत्तर जिवंत रुग्णालाही लागू पडतं. काठावरची गर्दी कितीही मोठी असो, धोंड्याला त्याची खबर नसते.

आता कुणी म्हणेल, गिरिमानंद आजारी असताना आनंदने त्याला सुत्त ऐकवलं आणि तो बरा झाला, हे ग्रंथातच आहे. आहे. बोज्झंग सुत्तांमध्ये महाकस्सप आणि मोग्गल्लान बरे झाल्याचंही आहे. पण त्या सुत्तांत बोललं कुणाशी जातंय ते पाहा. कुठल्याही शक्तीकडे याचना नाही. उशाशी बसून रुग्णाशीच बोलणं आहे: शरीर अनित्य आहे, मन असं आवर, श्वासाकडे असं लक्ष दे. रुग्ण सोलापुरात आणि सुत्त कळंबला, हे त्या परंपरेतही बसत नाही. शिवाय जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे तेच बुद्धवचन, ही कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये दिली आहे, ती अशा वेळी बाजूला ठेवायची नसते. बाबासाहेबांनी स्वतःच्या मधुमेहावर इन्सुलिन घेतलं. १५ एप्रिल १९४८ ला त्यांचं लग्न झालं तेही डॉ. शारदा कबीर यांच्याशी, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरशी.

दुसऱ्याने केलेली प्रार्थना मोजूनही झाली आहे. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणासाठी तरी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नसलेल्या रुग्णांत, प्रार्थना झालेले ५२ टक्के आणि न झालेले ५१ टक्के गुंतागुंतीत सापडले. ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात प्रमाण ५९ टक्के. इतकं गंभीर आहे की काय आपलं, अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला. आम्हाला तो पटतो. आपल्याकडेही विहारात आपल्यासाठी पाठ लावलाय म्हटल्यावर रुग्ण दचकतोच.

मग परित्राण बंद करायचं का? आम्ही तसं म्हणत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेला. बाकीच्यांनी लक्ष दिलं नव्हतं, कारण तो त्यांच्या काही कामाला येत नव्हता. बुद्धाने पाणी ओतलं, आनंदने त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून सांगितलं, ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण येतात: औषध तयार करता येणं, पथ्य-अपथ्य कळणं, लोभाने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करणं, मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना किळस न येणं, आणि वेळोवेळी धम्म सांगून रुग्णाचं मन प्रसन्न ठेवणं. धम्म सांगणं पाचवं. आम्ही ते पहिलं केलं आणि बाकीची चार त्या बाईच्या एकटीच्या डोक्यावर टाकली.

ती नंतर भेटली तेव्हा रागावली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, “दादा, फोनवर आवाज ऐकला मी वंदनेचा. बरं वाटलं ओ. वाटलं, आपली माणसं हायत. पर दोघं जण इकडं आली असती तर…” पुढचं बोलली नाही. बरं वाटलं, हेही तिने सांगितलं, म्हणून आम्हीही लिहितो. पाठाने तिला धीर दिला होता. धीर खोटा नव्हता, पण आमचं येणं त्यात धरलेलं होतं आणि ते घडलं नाही.

आता विहारात एक वही आहे. कुणी परित्राण लावायचं म्हटलं की आधी वही उघडते. रक्तगट कोणाचा काय, दवाखान्यात आज रात्री कोण थांबणार, उद्या कोण, डबा कुणाकडून, एसटीचे पैसे किती जमले. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे कोण जाणार, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद वेळेत गेले नाहीत तर घरचं सोनं आधी जातं. ही पानं भरल्यावरच धागा बाहेर निघतो. सुरुवातीला काही उपासक नाराज झाले, विहाराचं कार्यालय केलं म्हणाले. एक तरुण कार्यकर्ता उलट्या बाजूने चिडला, पाठच बंद करा म्हणाला. दोघांनाही वहीत एकेक रात्र दिली.

वस्तीतल्या एका आजीला गुडघ्यांमुळे एसटी चढता येत नाही. ती म्हणाली, “मी काय करू मग?” तिला बोज्झंग सुत्त तोंडपाठ आहे. सध्या आमच्याकडचा एक रुग्ण लातूरला आहे. रात्री नऊला सोबतीला थांबलेला पोरगा फोन लावून त्याच्या उशाशी ठेवतो आणि आजी हळूहळू म्हणते, मधेच थांबून विचारते, “जेवलास का रं?”