बासरीतील ‘चुकीचे’ आवाज

बासरी शिकू लागलेल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो स्वच्छ स्वराचा. फुंकरीची फसफस ऐकू येता कामा नये, स्वर फाटता कामा नये. हा धडा योग्यच आहे. परंतु ज्यांना आपण दोष म्हणतो, त्यांतील काही आवाज जाणीवपूर्वक काढणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि शालेय संगीतशिक्षणात तिला स्थान मिळावे, असे आम्हांस वाटते.

एदगार वारेझ या संगीतकाराने १९३६ साली प्लॅटिनमच्या बासरीसाठी ‘डेन्सिटी २१.५’ ही रचना लिहिली. प्लॅटिनमच्या घनतेवरून तिला हे नाव मिळाले. बासरीच्या चाव्या आपटल्याचा आवाजही तिच्यात संगीत म्हणून योजला आहे. पुढे १९७५ साली रॉबर्ट डिक यांच्या ‘द अदर फ्लूट’ या ग्रंथाने अशा वादनतंत्रांची पद्धतशीर मांडणी केली. जपानमध्ये तर फुके पंथाचे बौद्ध साधक शाकुहाची ही बांबूची उभी बासरी ध्यानसाधना म्हणून वाजवीत. तिच्या वादनात फुंकरीच्या सोसाट्याला ‘मुराइकी’ असे स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे पन्नालाल घोष यांनी लांब, मोठ्या बासरीला शास्त्रीय संगीताच्या मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. आज तीच बासरी आपल्याला परंपरा वाटते.

मग चूक आणि तंत्र यांत भेद कोणता? चूक आपोआप घडते. तंत्र हवे तेव्हा येते आणि हवे तेव्हा थांबते. म्हणूनच हा मार्ग रियाज टाळण्याची पळवाट नव्हे. दीर्घ, स्थिर स्वर ज्याला साधत नाही, त्याला फाटलेला स्वरही ताब्यात ठेवता येत नाही.

शिकण्याचा क्रमही अवघड नाही. बोटे न हलवता केवळ फुंकर अरुंद व वेगवान करत न्यावी. मूळ स्वर षड्ज मानला, तर प्रथम तार षड्ज, मग त्यावरील पंचम आणि त्यानंतर अतितार षड्ज उमटतो. ओठांचा ताबा येथेच येतो. पुढे वाजवीत असलेलाच स्वर गळ्यातून गुणगुणावा. फुंकताना ‘र्र्र’ असा जिभेचा कंप द्यावा; मराठी मुलांच्या जिभेला ‘र’ परका नाही. चक्कर येऊ लागल्यास लगेच थांबावे. यांसाठी महागडे वाद्य लागत नाही, बांबूची साधी बासरी पुरते.

वसतिगृहातील मुलांचा दिवस घंटेवर चालतो. त्यात चुकण्यास मोकळीक क्वचितच असते. संगीताच्या तासाची शेवटची दहा मिनिटे तरी अशा शोधासाठी राखून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे. परीक्षेत या आवाजांना गुण नाहीत, हे खरे. परंतु स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देणे, ऐकलेला आवाज पारखणे आणि तो पुन्हा काढून दाखवणे या सवयी मुलाला कोणत्याही विषयात उपयोगी पडतात.

सुट्टीत घरी आलेला मुलगा वा मुलगी बासरीतून विचित्र आवाज काढू लागली, तर पालकांनी लगेच कानांवर हात ठेवू नयेत. ‘हाच आवाज पुन्हा काढून दाखव,’ एवढेच म्हणावे. तो पुन्हा निघाला, तर मूल शिकत आहे असे खुशाल समजावे.