बाहुली नव्हे, अ‍ॅक्शन फिगर!

"या वयात बाहुल्या खेळतोस होय रे?"

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर पेपर पसरून, हातात ब्रश आणि डोळ्याला भिंग लावून बसलेल्या चाळिशी ओलांडलेल्या मुलाला आईने विचारलं.

"आई, बाहुली नाही गं. अ‍ॅक्शन फिगर म्हणतात याला."

"हात हलतात, पाय हलतात, अंगात कपडे आहेत. मग बाहुलीच की!"

आता बोला! आईला कल्पना नाही, पण तिने साठ वर्षांपूर्वीचं एक गुपित फोडलं. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे 'डॉल' हातात धरणार नाहीत आणि त्यांचे वडील ती विकत घेणार नाहीत, ही कंपनीला धास्ती. म्हणून 'अ‍ॅक्शन फिगर' हा नवा शब्द काढला. म्हणजे माझ्यासारख्यांची अब्रू वाचवण्यासाठीच हा शब्द जन्माला आला म्हणा ना.

तर, आमच्या घरी गेली दोन-तीन वर्षं हा उद्योग चालू आहे. सुरुवात झाली माळ्यावर सापडलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यापासून. त्यात माझे लहानपणीचे पावणेचार इंची जी. आय. जो. हे आपल्याकडे फनस्कूलचे मिळायचे. मूळ अमेरिकन रंग सोडून त्यांनी काहींना असे काही अचाट रंग दिले होते, की आज परदेशातले संग्राहक हे 'इंडियन' जो शोधत असतात. आम्हाला तेव्हा काय पत्ता! आम्ही त्यांना दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाज्यात पहारा द्यायला उभं करत होतो. शेजारी त्याच्यापेक्षा दुप्पट उंच मातीची गवळण. कुणालाही त्यात काही खटकत नसे.

डबा उघडला तर निम्मे सैनिक कमरेत तुटलेले. खरं तर तुटलेले नव्हते. १९८२ पासूनच्या या बाहुल्यांची रचना फार सुंदर आहे. पाठीत एक स्क्रू. तो काढला की छाती आणि पाठ वेगळी होते, हात सुटतात, डोकं सुटतं. पाय आणि धड यांना धरून ठेवते ती आत एक काळी रबरी ओ-रिंग. तीस वर्षांत रबर कुजतं, बाकी माणूस ठणठणीत! नळाचं सामान विकणाऱ्याकडे जुनी रिंग नमुना म्हणून नेली, तेवढ्याच मापाच्या घेऊन आलो आणि एका दुपारी सगळी पलटण उभी केली.

त्यात एक गंमत झाली. कन्येने याचं डोकं त्याच्या धडावर, त्याचे हात याच्या खांद्यात असं करून एक नवीनच माणूस बनवला. सुटे भाग, ठरलेले सांधे, काहीही काढा आणि काहीही जोडा. आम्ही हापिसात ज्याच्यासाठी मीटिंगा घेतो ते या पोरीने एका स्क्रूड्रायव्हरने केलं :)

तिथून चस्का लागला. नाक, टोपी, पिशवी असलं काही वाढवायचं असेल तर एम-सील. पाइप गळतो तेव्हा लावतात तेच. दोन्ही भाग सारखे घ्यायचे, रंग एक होईपर्यंत मळायचे (हे काम हातमोजे घालून माझ्याकडे), आणि घट्ट व्हायच्या आत ओल्या काडीने आकार द्यायचा. मग सँडपेपर, मग अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ थर. सांध्यात रंग जाड बसला तर हात हलवल्याबरोबर खरवडून निघतो, म्हणून सांधा रंगवण्याआधी आतून थोडा घासून घ्यावा लागतो. चिरंजीव वय वर्षे सहा. त्यांची आजवरची सर्वोत्तम निर्मिती म्हणजे चार हातांचा वॉचमन. दोन हातांनी गेट उघडतो, तिसऱ्यात रजिस्टर, चौथ्यात मोबाइल.

या छंदावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "तयार मिळतं की, मग कशाला?" दुसरा संग्राहक मित्रांचा, "अरे, जुना माल असा उघडून रंगवतोस? किंमत मातीमोल केलीस!"

पहिल्याला उत्तर असं की तयार मिळणारं खेळणंसुद्धा आधी कुणीतरी असंच टेबलावर जोडलेलं असतं. दूरदर्शनवर आपण ज्या ही-मॅनसाठी जेवण सोडून बसायचो, त्याची गोष्ट घ्या. मॅटेलमधल्या रॉजर स्वीटने १९८०च्या सुमारास कंपनीच्याच 'बिग जिम' नावाच्या बाहुल्या घेतल्या, त्यांच्यावर माती थापून दंड फुगवले आणि ते नमुने साहेबांना दाखवले. 'स्टार वॉर्स'ची खेळणी काढणाऱ्या केनरनेही पहिले कच्चे नमुने करताना दुसऱ्या कंपनीच्या, फिशर-प्राइसच्या, छोट्या बाहुल्यांची काटछाट केली होती. म्हणजे चार हातांचा वॉचमन आणि ही-मॅन यांचं कुळ एकच!

दुसऱ्याला उत्तर म्हणजे, २००३ साली एक जी. आय. जो सुमारे २ लाख डॉलर्सना विकला गेला. तो कुठला? पाकीटबंद नव्हे. १९६४च्या आधी हॅस्ब्रोतल्या डॉन लेव्हिनच्या मंडळींनी हाताने घडवलेला, हाताने कपडे शिवलेला पहिला नमुना. बाजाराने एवढे पैसे मोजले ते कुणाच्या तरी हाताच्या कामाला.

इथपर्यंत मी हे सगळं पार्टीत ऐटीत सांगत असे. पुढचं मात्र सांगत नसे.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. गेल्या वर्षी कन्येने जाहीर केलं, "मी आजोबा बनवणार. तेव्हाचे." एक पडीक सैनिक निवडला. खाकी रंगावरून आजोबांनी तीन वेळा काम परत पाठवलं ("हा पोलिसाचा झाला, हा मिलिटरीचा झाला"). बिल्ला, तिकिटांची पेटी, पंच करायचा चिमटा, सगळं आजोबांच्या देखरेखीखाली. शेवटी खांद्याला पैशाची बॅग. ती तिने स्वतः केली, आणि अशी अवाढव्य केली की बाहुला एका बाजूला कलायला लागला.

मी तेव्हा काही बोललो नाही. रात्री मुलं झोपल्यावर ती बॅग कापून काढली. फोटो बघून, माप काढून, बरोबर प्रमाणात नवीन केली. झाकणाची शिवणसुद्धा टाचणीने उमटवली. एक वाजला. खरं सांगतो, झकास झाली होती.

सकाळी कन्येने पाहिलं. "छान झालंय बाबा," म्हणाली आणि बाहुला उचलून शोकेसमध्ये ठेवला. नंतर त्याला तिने हात लावला नाही. बाकीचे सैनिक सोफ्याखाली, बाथरूममध्ये, दप्तरात सापडतात. हा कधीच सापडला नाही. तो होता तिथेच होता.

चार दिवसांनी वडिलांनी विचारलं, "ती बॅग का बदललीस?"

"अहो बाबा, केवढी मोठी होती ती! खरी एवढी असते का?"

"तेवढीच होती," वडील म्हणाले. "रात्री डेपोत वेबिलाशी पैसे जुळले नाहीत की तेवढीच वाटायची. मीच तिला सांगितलं होतं."

मला हे कधीच माहीत नव्हतं. तीस वर्षं त्या बॅगेवर वाढलो, पण विचारलं नातीने. आणि तिने जे ऐकलं ते एम-सीलमध्ये उतरवलं होतं. ते मी 'स्केल चुकलं' म्हणून सुऱ्याने कापलं.

तर मला सांगायचं आहे ते एवढंच. मुलांबरोबर छंद करणारे आपल्यासारखे बाप (आणि आया) संग्राहकांना हसतात, पाकीट न उघडणारे म्हणून. पण मुलाच्या हातातलं काम घेऊन ते सुबक करणं हीसुद्धा पाकीटबंद करण्याचीच एक तऱ्हा आहे. 'कस्टम' म्हणजे गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे. इथे गिऱ्हाईक नऊ वर्षांचं आहे. रिक्वायरमेंट समजली नाही तर विचारायचं, हे मी ज्युनिअर पोरांना रोज शिकवतो आणि घरी रात्री एक वाजता परस्पर बदल करतो!

याचा अर्थ काहीच शिकवू नये असा नाही. सांध्यात रंग जाड लागला तर तो निघणारच, ते सांगायचंच. घासताना मास्क लावायचा, यात वाद नाही. पण 'हे टिकणार नाही' आणि 'हे असं नसतं' यांतला फरक आपल्याला कळला पाहिजे. पहिलं वाक्य मदतीचं आहे. दुसरं म्हणण्याआधी "हे असं का केलंस?" एवढं विचारावं. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

मी कन्येची माफी मागितली. जुनी बॅग कापतानाच फुटली होती, त्यामुळे ती काही परत आली नाही. "पुन्हा करू या" म्हटलं तर तिने खांदे उडवले. मीही मागे लागलो नाही.

परवा वडिलांनीच डब्यातला एक सैनिक निवडला आणि तिच्यासमोर ठेवला. त्यांना त्यांचा ड्रायव्हर मित्र हवा आहे. मिश्या भरघोस पाहिजेत, म्हणे. आज सकाळपासून दोघं टेबलावर बसली आहेत. मिश्या आत्ताच कानांच्या बाहेर गेल्या आहेत. मला फक्त एम-सील मळायची परवानगी आहे.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. काढा खाली. रबरी रिंगा बदलून घ्या, आणि मग ब्रश मुलांच्या हातात द्या. परत मागू नका.