पट्टा कमरेला, बुक्की तोंडावर

माझ्याकडे कराटेचा ब्राउन बेल्ट आहे. शहापूरला शाळेत असताना सहा वर्षं घालवून आणि दर परीक्षेची फी भरून मिळवलेला. आईने तो अजून कपाटात नीट घडी घालून ठेवलाय. सत्ताविसाव्या वर्षी मी ऐरोलीला ऑफिसजवळच्या एका बॉक्सिंग क्लासला जायला लागलो. दुसऱ्या महिन्यात सरांनी मला अकरावीतल्या एका पोरासमोर उभं केलं. "हळू खेळा," म्हणाले. पोरगा हळूच खेळला. तरी पहिल्याच मिनिटात त्याचा डावा हात माझ्या नाकाला चारदा टेकून गेला आणि मला तो एकदाही येताना दिसला नाही. सहा वर्षांत घोटलेला एकही ब्लॉक वेळेवर वर आला नाही.

त्या रात्री आसनगावला उतरेपर्यंत मी एकच हिशोब करत होतो. सहा वर्षांत मी नेमकं काय शिकलो? हवेत बुक्क्या मारायला शिकलो. समोरचा 'आता मी उजव्या हाताने मारणार' असं ठरवून मारतो, तेव्हा तो हात अडवायला शिकलो. आमच्या धंद्यात याला एक नाव आहे: टेस्ट न केलेला कोड. स्वतःच्या लॅपटॉपवर झकास चालतो, पण खरा युजर आला की पहिल्या क्लिकला झोपतो.

आता मूळ मुद्दा. आमच्या शहापूर-मुरबाड भागात कराटे, तायक्वांदो म्हणजे कला, शिस्त, संस्कार. बॉक्सिंग म्हणजे मारामारी, टपोरीपणा. इकडे मोबाइलवर उलटी शिवी ऐकू येते: 'बॉक्सिंगमध्ये आहे काय? चार पंच. लाथ नाही, पकड नाही. एमएमएवाला दहा सेकंदांत खाली पाडेल.' म्हणजे गावात बॉक्सिंग फार रानटी आणि रील्सवर फार सोज्वळ. माझं म्हणणं असं, की दोघंही चूक आहेत आणि त्या चुकीची किंमत आमच्या तालुक्यातली पोरं-पोरी मोजतायत.

आधी रीलवाल्यांचं घेऊ. त्यांचा पुरावा खरा आहे. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली. तिथे आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला आणि रॉयस ग्रेसीने त्याला जमिनीवर घेतल्यावर हार मानून मोकळा झाला. २०१० मध्ये जेम्स टोनीसारख्या माजी विश्वविजेत्या बॉक्सरचं रँडी कूटूरसमोर तेच झालं. मान्य. ज्याला पकड सोडवता येत नाही तो पकडीत हरणार. पण म्हणून एमएमएवाल्यांनी बॉक्सिंग सोडलं का? उलट आज तिथला प्रत्येक जण बॉक्सिंगचा सराव करतो, कारण उभ्याने हात चालवण्याचं याहून जास्त तावून-सुलाखून निघालेलं शास्त्र त्यांना दुसरीकडे सापडलं नाही.

आणि 'चारच पंच' हा बॉक्सिंगचा दोष वाटतो, पण तिचं सगळं बळ तिथेच आहे. १८६७ साली क्वीन्सबेरीचे नियम छापले गेले. हातात ग्लोव्ह, तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद आणि कुस्तीची पकड बंद. त्याआधीच्या उघड्या मुठींच्या लढतीत उचलून आपटणंही चालायचं. म्हणजे बॉक्सिंगने स्वतःहून आपलं अंगण लहान करून घेतलं. जपानमध्ये १८८२ साली जिगोरो कानोने ज्युदो सुरू केला तेव्हा त्यानेही असंच केलं. जे डाव जोडीदाराला कायमचं जायबंदी करतील ते मोकळ्या सरावातून बाजूला काढले. फायदा असा, की उरलेले डाव रोज, विरोध करणाऱ्या माणसावर खरेखुरे करता येतात. 'आमची विद्या इतकी घातक की सरावात वापरताच येत नाही' असं सांगणारा गुरू भेटला, तर समजा की ती त्यालाही येत नाही.

हे आम्हाला नवीन वाटायचं काहीच कारण नाही. जत्रेतला कुस्तीचा फड बघा. तिथे कोणी पैलवानाला विचारतं का, 'बाबा, तुझं सर्टिफिकेट दाखव'? इनामाची कुस्ती लागते, हलगी वाजते, ज्याची पाठ लागली तो हरला. कुस्तीतही लाथ नाही, बुक्की नाही. म्हणून कुस्ती युद्धकला नाही असं म्हणायची मुरबाडच्या बाजारात कोणाची हिंमत आहे? मग मुठीच्या कुस्तीला वेगळा न्याय का? आणि ही परदेशी थेरं आहेत म्हणणाऱ्यांनी कंसाच्या आखाड्यातली गोष्ट आठवावी. कृष्णासमोर चाणूर होता आणि बलरामासमोर मुष्टिक. त्या मल्लाचं नावच मुठीवरून पडलेलं आहे.

कराटेवर माझा राग नाही. क्योकुशिनसारख्या शैलीत अंगावर पूर्ण ताकदीचा मार असतो, त्यांना माझा नमस्कार. माझा राग पट्ट्याच्या दुकानावर आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदा आलं, तेव्हा पुरुषांच्या सगळ्यात जड गटाच्या अंतिम लढतीत सौदीच्या तारेग हमेदीने लाथ मारली आणि इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. सुवर्णपदक मिळालं गंजजादेला, कारण लाथ गरजेपेक्षा जोरात लागली. हमेदी बाद. नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. पण जो खेळ लागलेल्या फटक्याला शिक्षा देतो, त्याला 'स्वसंरक्षण' म्हणून विकायचं असेल तर पाकिटावर तेवढं छापावं.

बॉक्सिंगचं घर काचेचं आहे, हेही सांगतो. १९८८ ला सोलमध्ये रॉय जोन्सला पंचांनी ढळढळीत हरवलं. आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारभार इतका बिघडला, की २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीने तिची मान्यताच काढून घेतली. आणि डोक्याच्या माराचं तर १९२८ पासून माहीत आहे. हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरने तेव्हाच 'पंच ड्रंक' या नावाने बॉक्सरांच्या मेंदूची दशा लिहून ठेवली. त्यामुळे शाळकरी पोरांनी डोक्यावर मार खात बसावं असं मी अजिबात म्हणत नाही. बॅग, पॅड, दोरी, पायांचं काम, आणि जोडीदाराला फक्त हात टेकवायचा असा हलका खेळ. जोर कमी, विरोध खरा. त्या अकरावीच्या पोराने मला एवढ्यावरच सगळं शिकवलं होतं. माझं नाक जिथल्या तिथे आहे.

हे सगळं लिहायला बसलो ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती मुरबाडकडे, टोकावड्याच्या पुढे राहते. बारावीला आहे, पोलीस भरती करायची आहे, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावते. तिच्या शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण झालं. सरकारची योजना आहे, समग्र शिक्षा अभियानात, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने. तीन महिने. मी तिला विचारलं, काय शिकलीस? तिने माझा हात धरायला लावला आणि झटक्यात सोडवून दाखवला. मग मी हात जरा घट्ट धरला. तिला सोडवता येईना. हसली आधी, मग गप्प झाली. "दादा, तू सोडत नाहीस," म्हणाली.

कोणीच सोडणार नाही, बाई. अडचण तीच आहे.

मी तिला बॉक्सिंगचं सुचवलं. तिचे डोळे चमकले आणि काका भडकले. "अरे, नाकबिक मोडलं तर कोण करील पोरीला? कराटे लाव हवं तर." मणिपूरच्या कांगथेई गावात मेरी कोमच्या वडिलांनाही नेमकी हीच काळजी होती. लेक बॉक्सिंग करते हे त्यांना २००० साली पेपरातल्या फोटोवरून कळलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली, सहा वेळा जगज्जेती झाली आणि २०१२ ला ऑलिंपिक पदक घेऊन आली. लवलीना बोरगोहाई आसामातल्या बारोमुखिया गावची. कांगथेई आणि बारोमुखिया काही दादर-पार्ले नाहीत. आमच्या गावांसारखीच गावं आहेत ती.

बॉक्सिंगने माझी बहीण चाकूवाल्याला लोळवेल असं मी काकांना सांगणार नाही. चाकू दिसला की पळायचं, आणि ती माझ्यापेक्षा चांगली पळते. तिला मिळेल ते साधं आहे. समोरचा ऐकणार नाही हे गृहीत धरून हलायची सवय. नाकाला हात लागला तरी डोळे उघडे ठेवायची सवय. तीन मिनिटं संपेपर्यंत न थांबायची सवय. यातली एकही गोष्ट सर्टिफिकेटवर लिहून येत नाही.

खर्चही फार नाही. दोरी, आरसा, वाळू-चिंध्या भरलेली गोणी, ग्लोव्हचे चार जोड आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक खरा कोच. तालुक्याला क्रीडासंकुल बांधताना कमानीवर जेवढा पैसा जातो, त्यात वर्षभर भागेल. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. माळशेज चढून पुण्याकडे गेलं की आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथे बॉक्सर घडवतात. रस्ता आहे. त्या रस्त्याला लागणारी पहिली पायरी शहापुरात किंवा मुरबाडात हवी. ऐरोलीतली उपयोगाची नाही. मुरबाडला तर अजून लोकलही येत नाही.

काका, तुम्ही हे वाचाल, कारण ती तुम्हाला फॉरवर्ड करणारच आहे. तुम्ही जत्रेला फडाच्या कडेला पहिल्या रांगेत बसता. नुसता अंगाला तेल लावून मिरवणारा पैलवान दिसला की तुम्हीच सगळ्यांत आधी हसता. तोच निकष घरात लावा. एक रविवार द्या. मी तिला ऐरोलीला नेतो, तुम्हीही चला. बसून बघा. मग नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हणा.